आबांच्या खिशाची झडती

आमच्या घरी धुवायला टाकलेल्या शर्टाचे खिसे आई कधीच तपासत नसे. आबांनी स्वतः रिकामे करून दिले तर ठीक, नाहीतर आत जे असेल ते शर्टाबरोबर बादलीत जायचं. एकदा, मी माहेरी आलेली असताना, रेल्वेचा महिन्याचा पास असाच धुऊन निघाला. आबांनी तो दोरीवर चिमटा लावून वाळत घातला, आईकडे बघून हसले आणि विषय तिथेच संपला. शेजारच्या बायका आईला म्हणायच्या, अगं, जरा हात घालून बघावं. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं असायचं. "त्यास्ना खिसामा हात घालाले सरकारनी मानसं ठेयेल शेतस, मी कसाले घालू?"

आणि ते खरंच होतं. आबा वरणगावच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला होते. आत जाताना झडती, बाहेर येताना झडती. काडेपेटी नाही, विडी नाही, पुढे फोन आले तेव्हा फोन नाही. दोन्ही हात वर करून उभं राहायचं आणि दुसऱ्या माणसाचा हात आपल्या अंगावरून फिरू द्यायचा, हे त्यांनी उभा जन्म केलं. इतकं की जळगावात एका मोठ्या दुकानाच्या दारात पहारेकऱ्याने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं तरी यांचे दोन्ही हात वर. मी लाजेने अर्धी झाले. तो पहारेकरी बिचारा म्हणाला, "बाबा, तसं काही नाही, जा आत."

मला वाटायचं, या माणसाला झडतीचं काही वाटतच नसणार. तसं नव्हतं. लहानपणी मी एकदा गोळ्या शोधायला त्यांच्या शर्टाच्या खिशात हात घातला. त्यांनी माझं मनगट धरलं, रागावून नाही, पण धरलं. म्हणाले, "तठे बारूद शे माय, तठे झडती पाह्यजेच. एक काडी पेटनी तर शंभर घरं उजाड व्हतीन. घरमा काय बारूद शे?" आत काय बनतं तेही त्यांनी कधी सांगितलं नाही. आज काय बनवलं असं विचारलं की म्हणायचे, घाम.

आधी आम्ही तिथल्याच क्वार्टरमध्ये राहत होतो. मग जळगावला दोन खोल्यांचं घर बांधलं आणि आबा नोकरीची शेवटची वर्षं जळगावहून रेल्वेने ये-जा करू लागले. तेव्हा मी लग्न होऊन धुळ्याला आले होते, तिथल्याच एका कॉलेजात शिकवत होते. त्यामुळे ते स्टेशनवर सायकल कुठे लावतात, कोणत्या गाडीने जातात, कोणाबरोबर चहा घेतात, यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. ते सगळं आईला ठाऊक होतं, आणि आई त्यांच्या निवृत्तीनंतर थोड्याच वर्षांत गेली.

आई गेल्यावर आबा एकटेच राहिले. धुळ्याला या म्हणून मी किती वेळा जीव तोडून सांगितलं. लेकीच्या घरी चार दिवस पाहुणा म्हणून राहावं, पाचव्या दिवशी जोडे शोधावेत, हे त्यांचं मत. मी दर शनिवारी एसटीने जळगावला जायचे. भाजी निवडून ठेवायची, चादरी बदलायच्या, रविवारी संध्याकाळी पारोळा-एरंडोल करत उलट परत. अशाच एका रविवारी ते मला म्हणाले, "तुनी माय अजून उनी नही का बजारमाईन?" मी बस सोडली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, सुरुवात आहे. औषधं चालू ठेवा, एकटं सोडू नका, आणि फोनमध्ये लोकेशन चालू करून घ्या, कुठे आहेत ते तुम्हाला धुळ्यात बसून दिसेल.

मला तो सल्ला सोन्यासारखा वाटला. घरी आल्याआल्या मी त्यांच्या फोनला हात घातला आणि त्यांनी लहानपणी धरलं होतं तसंच माझं मनगट धरलं.

"ढोरना गळामा घंटी बांधतस, तशी मना गळामा बांधस का तू?"

मी चिडले. माझा स्वभाव बापावरच गेलाय, फक्त त्यांची शांतता तेवढी माझ्यात उतरली नाही. मी म्हणाले, आबा, सगळं जग लोकेशन चालू ठेवून फिरतं. माझ्या कॉलेजातल्या पोरी ठेवतात, मी ठेवते. तुमच्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय?

त्यांनी फोन उचलून स्वतःच्या खिशात ठेवला. मग म्हणाले, "लपाडासारखं काहीच नही शे. तरी बी नको."

यावर काय बोलणार? मी पुष्कळ बोलले, धुळ्याला चला असंही पुन्हा म्हणाले, पण ते हलले नाहीत. शेवटी तोडगा निघाला तो असा की, त्यांनी रोज सकाळी चहा झाला की मला फोन करायचा. मी फोन करून चौकशी करायची नाही, त्यांनी करायचा. ते जन्मभर घड्याळावर चाललेले, त्यांनी एक दिवस चुकवला नाही. फोनची घंटी मात्र कायम बंद ठेवायचे, ती कारखान्याची सवय. त्यामुळे मी फोन केला तर उचलतील याचा काही भरवसा नसे. एक चिठ्ठीही मी त्यांच्या शर्टाच्या खिशात ठेवायचे, नाव आणि माझा नंबर लिहून. ती दर शनिवारी मला देवाच्या फोटोमागे खोचलेली सापडायची.

त्या दिवशीही सकाळी त्यांचा फोन आला. वैशाखाचे दिवस, परीक्षा चालू, मी डबा भरत होते. चहा झाला, भाकरी टाकली म्हणाले, आवाज खणखणीत. मी म्हटलं, उन्हात बाहेर पडू नका. ते म्हणाले, हो. फोन ठेवला.

दुपारी परीक्षा सुटत होती तेव्हा जळगावच्या शेजारच्या काकूंचा फोन आला. आबांच्या दाराला सकाळपासून कुलूप आहे, सायकलही नाही. मी आबांना फोन लावला. वाजून वाजून बंद. पुन्हा लावला. मग मिळेल ती बस धरली. खिडकीतून झळा येत होत्या आणि मी पारोळ्यापर्यंत नुसता तोच नंबर लावत होते. नवरा कामानिमित्त परगावी होता, तोही तिकडून निघाला. जळगावला उतरले ती थेट पोलीस ठाण्यात गेले.

पोलिसांबद्दल लोक काहीही बोलोत, मला त्या दिवशी भेटलेले हवालदार देवमाणूस होते. म्हातारे आहेत, विसरतात, ऊन असं आहे, एवढं ऐकताच त्यांनी वेळ घालवला नाही. साहेबांना सांगितलं, साहेबांनी वर कळवलं, फोनच्या कंपनीकडून माहिती मागवली. मला तोपर्यंत खुर्ची, पंखा आणि पाणी. मी मनात म्हणत होते, बघा आबा, यासाठी असतं हे. आणि खरोखर, टॉवरची माहिती आली. फोन चालू होता आणि जळगाव स्टेशनच्या आसपासच होता.

मला रडू फुटलं, सुटल्यासारखं वाटलं म्हणून. हवालदार म्हणाले, "ताई, फोन तिथं म्हणजे माणूस तिथं. सापडले म्हणा." दोन शिपाई, मी, शेजारच्या काकूंचा मुलगा, सगळे स्टेशनवर पांगलो. फलाट, तिकिटघर, बाहेरची झाडं, रसवंतीची दुकानं, जवळचे दवाखाने. मी प्रत्येक पांढऱ्या टोपीच्या म्हाताऱ्याला मागून हाक मारत होते. उन्हाने डोळ्यांपुढे पिवळं दिसायला लागलं तेव्हा हवालदारांनी मला परत ठाण्यात नेलं. तिथे आबांच्या फोनवरून कुणाकुणाला फोन झाले त्याची यादीही आलेली होती.

त्यात मी होते, रोज सकाळची. किराणावाला होता, डॉक्टर होते. आणि आणखी एक नंबर होता, अमळनेरचा. रोजचा. माझ्यानंतर लगेच. माझ्याशी आबा जेवढं बोलत त्याच्या कितीतरी पट जास्त वेळ. त्या दिवशीचा शेवटचा फोनही तिथेच झालेला होता.

हवालदारांनी विचारलं, "कोणाचा नंबर?" मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी नुसती मान हलवली आणि टेबलावरच्या फोनवरून तो नंबर लावला, मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा करून. बाहेर अजून लख्ख ऊन होतं. फोन एका पुरुषाने उचलला. हवालदारांनी ठाण्याचं नाव सांगितलं, आबांचं नाव सांगितलं, या नंबरवर ते रोज बोलतात, आज सकाळी काय बोलणं झालं असं विचारलं. तो म्हणाला, हा माझ्या आईचा फोन आहे. मग बराच वेळ काहीतरी कुजबुज. मग एका म्हातारीचा आवाज आला, अगदी बारीक.

"मी वळखत नही त्यास्ले. राँग नंबर व्हई."

हवालदार शांतपणे म्हणाले, "आजी, रोज राँग नंबर लागतो का?" तेवढ्यात मुलाने फोन घेतला, आमच्या घरात असले प्रकार चालत नाहीत, पुन्हा फोन करू नका म्हणाला आणि बंद केला. हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खिडकीकडे वळवली. उद्या अमळनेरला माणूस पाठवतो म्हणाले.

आता खरं सांगते. त्या क्षणी मला आबांची काळजी वाटायच्या आधी त्यांचा राग आला. म्हणून लोकेशन नको होतं तर, असं मनात आलं. एका परक्या खोलीत, परक्या माणसांसमोर माझ्या बापाचा खिसा उलटा झाला होता आणि त्यातून जे पडलं ते मलाच बघायला लागलं होतं. मी मान वर करू शकत नव्हते. बाहेर कुठेतरी ते चालत होते, आणि मी इथे बसून त्यांच्यावर रुसले होते.

आबा दुसऱ्या दिवशी सकाळी सापडले. स्टेशनवर नाही. वरणगावच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेच्या कडुनिंबाखाली, केळी काढायला चाललेल्या मजुरांना. तिकडच्या पोलिसांनी फोटो पाठवला तो आमच्या हवालदारांच्या फोनवर आला. त्यांनी फोन आधी उलटा करून टेबलावर ठेवला, मला बसायला सांगितलं, आणि मग दाखवला. स्वच्छ पांढरा शर्ट, टोपी छातीवर, बाजूला न उघडलेला डबा. डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा निघाला. खिशात काहीही नव्हतं. चिठ्ठी नाही, आधार कार्ड नाही, रुमालसुद्धा नाही. कुणाला ते वाटेत दिसले असतील, तरी कुणाला कळवावं हे त्यांना कसं कळणार होतं?

सायकल स्टेशनबाहेरच्या स्टँडवर मिळाली, शेकडो गाड्यांच्या मधोमध. हँडलला अडकवलेल्या पिशवीत रुमालात गुंडाळून फोन होता, घंटी बंद. स्टँडवाला जुना माणूस. तो म्हणाला, ताई, ते कामाला जायचे तेव्हाही असंच करायचे, आत फोन नेता येत नाही ना. कारखान्याच्या बऱ्याच लोकांची तीच रीत होती. आबा त्या दिवशी कामावर गेले होते. आणि आम्ही सगळे, पोलिसांसकट, दिवसभर त्यांच्या फोनभोवती फिरत राहिलो.

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना मी एकटीने गाठून विचारलं, किती वाजता गेले असतील? त्यांना मला टाळायचं होतं, पण मी हटून बसले. शेवटी त्यांनी सांगितलं. ते मी कुणालाही सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही.

तेराव्यानंतर मी जळगावचं घर आवरत होते तेव्हा एका दुपारी दारात एक म्हातारी उभी राहिली. नऊवारी, हातात कापडी पिशवी, चेहरा उन्हाने लाल. मी पाणी आणलं. तिने पेला धरला आणि पिण्याआधीच म्हणाली, "मी अमळनेरनी."

मग मला हळूहळू ओळख पटली. क्वार्टरमध्ये आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या काकू. त्यांचे यजमान आबांच्याच पाळीत होते. आईबरोबर अंगणात ज्वारीचे बिबडे वाळत घालायच्या, आईला अक्का म्हणायच्या, मला काखोटीला मारून फिरायच्या. यजमान गेल्यावर मुलाकडे अमळनेरला गेल्या होत्या. डॉक्टरकडे जाते असं घरी सांगून त्या एसटीने एकट्या आल्या होत्या. आता त्यांच्याकडे फोन नव्हता, पोलिसांच्या त्या फोननंतर मुलाने काढून घेतला होता. सुनेने नातेवाइकांत काय काय सांगितलं तेही त्यांनी सांगितलं, पण तक्रार केल्यासारखं नाही.

"काय बोलायचात हो रोज?" मी विचारलं. माझ्या आवाजात अजूनही थोडं विष असणार.

"काय बोलसूत माय? आज काय रांधं, गुडघा कसा शे, कोन गयं, कोन ऱ्हायनं. भाऊ अक्कानी आठवन काढेत. मी आयकू. घरमा मनं आयकाले कोनले येळ शे?" त्या आबांना भाऊ म्हणत होत्या. म्हातारपणी इतकं सरळ बोलणं, आणि तेही दोघांना चोरून बोलावं लागलं, कारण विधवेने आणि विधुराने रोज फोनवर बोलायचं म्हणजे लोकांना काय काय दिसतं ते दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. आणि लोकांचं कशाला, मलाही तेच दिसलं होतं.

मग त्यांनी पेला खाली ठेवला.

"त्या दिन सकायले भाऊ म्हनेत, आज दुपारपाळी शे. डबा भरी लिधा, आते गाडी धरस. मी म्हनू, भाऊ, तुम्हीन रिटायर व्हयेल शेतस ना? भाऊ हासनात. माले वाटनं मस्करी करी ऱ्हायनात."

सकाळी मला त्यांनी एवढंच सांगितलं होतं, चहा झाला, भाकरी टाकली. मी रागावेन हे ते विसरले नव्हते. कामावर जातोय हे त्यांनी तिथे सांगितलं जिथे कुणी रागावणार नव्हतं.

"मंग पोलिसना फोन उना," त्या म्हणाल्या. "पोऱ्या बाजूले उभा, सून दारमा उभी. मना तोंडमाईन 'नही' निंघी गयं. फोन ठेवा आनि माले याद उनी, भाऊ म्हनेत ना, दुपारपाळी. पन फोन तं पोऱ्यानी लई लिधा व्हता."

त्यावर मी नंतर पुष्कळ विचार केला आहे, अजूनही करते. पोलिसांनी फोनची माहिती मागवू नये असं मी म्हणू शकत नाही. उद्या कुणाचा म्हातारा हरवला तर मी स्वतः ठाण्यात जाऊन हेच सांगेन, टॉवर काढा, नंबर काढा, वेळ घालवू नका. आबासुद्धा म्हणाले असते, जिथे बारूद आहे तिथे झडती हवीच. पण त्या दिवशी एका म्हातारीला कुणीतरी तिच्या दारात बसून, सुनेला बाजूला करून, हळूच विचारायला हवं होतं. सरकारी आवाजाने, मुलाच्या देखत, मोठ्याने विचारलं, आणि खरं बोलणारं एकच माणूस होतं ते घाबरून खोटं बोललं. यात हवालदारांची चूक मला आजही सापडत नाही, आणि कुणाची नाही म्हणावं तर बाप गेला आहे.

काकूंनी माझा हात धरला. ज्यासाठी त्या एवढ्या उन्हात आल्या होत्या ते त्यांनी आता विचारलं.

"मी हा म्हंती तर भाऊ वाचतात का वं माय?"

"नाही काकू," मी म्हटलं. "ते दुपारीच गेले होते. पोलिसांनी तुम्हाला फोन केला त्याच्या कितीतरी आधी. डॉक्टरांनीच मला सांगितलं."

त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मीही नजर हलवली नाही. मग त्यांनी पदर तोंडाला लावला आणि पहिल्यांदा मोकळ्या रडल्या. मी त्यांना जेवू घातलं, अमळनेरच्या बसमध्ये खिडकीपाशी बसवलं, कंडक्टरला उतरवून द्या म्हणून सांगितलं.

गेल्या वर्षी त्याही गेल्या, म्हणून आज लिहिते आहे. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की दिवस मावळेपर्यंत आबा जिवंत होते.